राउटरचा साचा आणि त्याचे पूर्वज

स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली तेव्हा प्रथम संकोच वाटला. कुलवृत्तान्त, कुलदैवते आणि समाजाच्या दिवंगत कार्यकर्त्यांची चरित्रे यांवर अधिकाराने लिहिणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. माझी हयात लाकूड रंधण्यात व सांधण्यात गेली. तेव्हा ज्या विषयाची थोडीबहुत जाण आहे, त्याच विषयावर चार शब्द लिहावेत, असे ठरविले.

निमित्त घडले ते मागल्या स्नेहसंमेलनात. सभागृहाच्या व्हरांड्यात तरुण मंडळींनी आपल्या कामाचे लहानसे प्रदर्शन मांडले होते. एका मुलाने विजेवर चालणारा राउटर व प्लायवुडच्या तुकड्यांतून स्वतः तयार केलेला एक साचा टेबलावर ठेवून, खुर्चीच्या पायात कुसवाची खाच कशी पाडावी याचे प्रात्यक्षिक चालविले होते. दोन मिनिटांत खाच तयार झाली, आणि तीही अशी की, दुसरी, तिसरी व दहावी खाच पहिलीपासून वेगळी ओळखता येऊ नये. समोर उभे असलेले एक वयोवृद्ध गृहस्थ बराच वेळ पाहत राहिले आणि अखेर म्हणाले, "यात तुझा हात कुठे आहे रे?" मुलगा गोंधळला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आजोबा, साचा मीच केलाय ना." आजोबांचे समाधान झाले नाही. ते चहाकडे वळले.

तो प्रश्न मात्र माझ्या मनातून जाईना. हत्याराला वाट दाखविणारा साचा वापरला, की कामातून कारागिराचा हात निघून जातो काय? आणि हा साचा आपल्या धंद्यात आलेला परका पाहुणा आहे, की घरातलाच कोणी? या प्रश्नाचे उत्तर मतांनी देण्यापेक्षा इतिहासाने द्यावे, हे बरे.

प्रथम आपल्याच पेटीत डोकावून पाहू. आपल्या वाडवडिलांच्या पेटीत करवत, वाकस, पटाशी, किकरे, सामता यांच्या जोडीला आणखी दोन वस्तू असत: गुण्या आणि खतावणी. यांपैकी एकही लाकूड कापीत नाही. गुण्या काटकोन सांगतो. खतावणीच्या दांडीवर सरकणारा ठोकळा फळीच्या कडेला टेकवून ओढला, म्हणजे तिचे अणकुचीदार टोक कडेपासून नेमक्या अंतरावर रेघ मारीत जाते. ही रेघ सरळ येते ती हात स्थिर असतो म्हणून नव्हे; ठोकळा कडेला टेकलेला असतो म्हणून. रंध्याचेही तसेच आहे. पटाशी हाती धरून फळी साफ करू गेल्यास पाते हवे तितके खोल शिरेल; तेच पाते लाकडी ठोकळ्यात पाचर मारून बसविले, की ठोकळ्याचा तळ पात्याला सांगतो, 'इतकेच, याहून खोल नाही.' म्हणजे रंधा हा पटाशीला घातलेला साचाच होय. आणि हे रंधे व खतावण्या आपल्या घरांत विकत कोण आणीत असे? पाते लोहाराकडून येई. लाकडी अंग सुतार स्वतः, बहुधा पावसाळ्यातील रिकाम्या दिवसांत, शिसव किंवा बाभळीचा जुना तुकडा निवडून तयार करी.

राउटर हे नावही विजेच्या यंत्रापेक्षा जुने आहे. खाचेचा तळ सर्वत्र सारख्या खोलीचा करण्यासाठी युरोपातील सुतार एक लहानसा रंधा वापरीत. त्याच्या मधून एक अरुंद पाते खाली डोकावत असे, आणि दोन्ही बाजूंचे लाकूड खाचेच्या काठांवर टेकून सरकत असे. इंग्रज कारागिरांनी त्याला 'म्हातारीचा दात' असे नाव ठेवले होते. तोंडात एकच दात उरलेल्या आजीबाई डोळ्यांपुढे आणल्या, म्हणजे या हत्याराचे वेगळे चित्र काढण्याची गरज राहत नाही. आजच्या राउटरमध्ये त्या दाताच्या जागी मिनिटाला वीस हजारांहून अधिक फेरे घेणारे पाते आले, इतकेच. काठावर टेकून चालण्याचा त्याचा स्वभाव पालटलेला नाही.

आता ज्या प्रसंगाने साच्याला धंद्याचा शत्रू ठरविले, त्या प्रसंगाकडे वळू. त्याची जागा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टस्मथ येथील आरमारी गोदी, आणि काळ एकोणिसाव्या शतकाची पहिली आठ-दहा वर्षे.

शिडाच्या जहाजावर दोर ओढण्यासाठी लाकडी कप्प्या लागत. एका मोठ्या युद्धनौकेला अशा सुमारे एक हजार कप्प्या लागत, आणि नेपोलियनशी युद्ध पेटलेले असल्याने ब्रिटिश आरमाराची गरज वर्षाला लाखाच्या घरात गेली होती. कप्पी ही दिसायला क्षुल्लक वस्तू, परंतु तिच्यात सुतारकामाचे सारे मर्म येते. लाकडाच्या ठोकळ्यात आरपार चिंचोळी खाच पाडावयाची, तिच्यात चाक बसवावयाचे, चाकाच्या आसासाठी भोक घ्यावयाचे, ठोकळ्याचे अंग गोलसर घडवावयाचे आणि बाहेरून दोर बसण्यासाठी पन्हळ कोरावयाची. चाक अडकले, तर वादळात शीड उतरत नाही आणि माणसे प्राणांस मुकतात. साउथॅम्प्टनच्या टेलर घराण्याने हा पुरवठ्याचा मक्ता अनेक वर्षे सांभाळला होता. स्वतः वॉल्टर टेलर हे मोठे कल्पक कारागीर होते आणि त्यांच्या कारखान्यात काही यंत्रेही होती. तरीही बरेचसे काम कुशल हातांवरच चाले.

मार्क इझाम्बार्ड ब्रुनेल हा नॉर्मंडीत १७६९ साली जन्मलेला फ्रेंच गृहस्थ. राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो १७९३ मध्ये अमेरिकेत गेला व तेथून १७९९ साली इंग्लंडला आला. कप्प्या यंत्राने करण्याची कल्पना त्याने प्रथम टेलर मंडळींपुढेच मांडली होती. आपल्या पद्धतीत सुधारणेला जागा आहे, असे त्यांना वाटले नाही. त्यांनी नकार दिला. (असा नकार देणारी माणसे प्रत्येक धंद्यात व प्रत्येक ज्ञातीत असतात; त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार, ज्याने आयुष्यात एकही नवी गोष्ट नाकारली नाही, त्यालाच आहे.) ब्रुनेलने १८०१ साली पेटंट घेतले. आरमाराच्या कारखान्यांचे प्रमुख अधिकारी सॅम्युएल बेंथॅम यांनी स्वतः १७९३ मध्ये लाकूडकामाच्या यंत्रांचे एक विस्तृत पेटंट घेतले होते. त्यांना ब्रुनेलच्या कल्पनेचे मोल तत्काळ कळले. यंत्रे घडविली ती लंडनच्या हेन्री मॉडस्ले याने, आणि तीही सर्वस्वी धातूची. त्या काळी लाकडी सांगाड्याची यंत्रे पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना ते मोठे नवल वाटले.

एकूण पंचेचाळीस यंत्रे बसविण्यात आली. त्यांपैकी एकाचे वर्णन येथे अवश्य केले पाहिजे, कारण आपल्या मुलाच्या प्लायवुडच्या साच्याचे बीज त्यात आहे. कप्पीचे अंग गोलसर घडविणाऱ्या यंत्रात एका मोठ्या चक्राच्या परिघावर दहा ठोकळे एकाच वेळी पकडलेले असत. चक्र फिरे आणि समोरचे पाते ठोकळे तासत जाई. पात्याने किती आत यावे व किती बाहेर राहावे, हे कारागीर ठरवीत नसे. पात्याची दांडी एका वक्र धातूच्या पट्टीला टेकून सरके, आणि पट्टीची जशी वळणे, तशीच वळणे लाकडावर उमटत. एक बाजू झाली की दहाही ठोकळे पाव फेरा वळवून पुढली बाजू घ्यावयाची. डोळ्याने व हाताने पारखावयाचा गोलावा त्या पट्टीत कायमचा साठवून ठेवला होता.

परिणाम काय झाला? १८०८ साली या कारखान्यातून एक लाख तीस हजार कप्प्या बाहेर पडल्या. पूर्वी ज्या कामाला एकशे दहा कसबी माणसे लागत, ते काम दहा बिनकसबी माणसे करू लागली. टेलर यांचा मक्ता गेला. ब्रुनेलला पहिल्या वर्षाच्या बचतीइतके, म्हणजे सुमारे सतरा हजार पौंड बक्षीस मिळाले, पण तेही पुष्कळ हेलपाटे घातल्यानंतर. आणि १८२१ साली हाच मनुष्य कर्जापायी तुरुंगात गेला. त्या शंभर कसबी माणसांचे पुढे काय झाले, त्यांच्या मुलांनी कोणता धंदा धरला, हे मात्र यंत्रांच्या इतिहासात सहसा वाचावयास मिळत नाही.

याच सुमारास आपल्या मुंबईत काय चालले होते, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील पारशी मिस्त्रींच्या देखरेखीखाली त्याच ब्रिटिश आरमारासाठी सागवानी युद्धनौका बांधल्या जात होत्या. ७४ तोफांची 'मिंडेन' १८१० साली पाण्यात उतरली, 'कॉर्नवॉलिस' १८१३ मध्ये आणि 'ट्रिंकोमाली' १८१७ मध्ये. यांतील शेवटची नौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेली असून ती पाण्यावर तरंगते आहे. तिच्या फळ्या वाकसाने, करवतीने व रंध्याने घडल्या. एकाच आरमाराच्या एका टोकाला दहा माणसांचा यंत्रखाना आणि दुसऱ्या टोकाला हातकामाची ती विशाल गोदी, अशी दोन युगे काही वर्षे शेजारी शेजारी नांदली. वाकसाने घडलेली ती नौका दोन शतके टिकली, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. परंतु पोर्टस्मथची यंत्रेही शतकाहून अधिक काळ चालली आणि त्यांतील काही लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आजही पाहावयास मिळतात, हे सांगताना आपला आवाज थोडा खाली येतो. तसे होऊ नये.

पुढला इतिहास थोडक्यात आटोपता येईल. अमेरिकेत टॉमस ब्लँचर्ड याने १८१९ साली बंदुकीचे दस्ते कातण्याचे यंत्र सिद्ध केले. त्यात एका बाजूला नमुन्याचा दस्ता फिरे व त्यावर एक चाक टेकून चाले, आणि दुसऱ्या बाजूला कच्च्या लाकडावर पाते तीच वळणे गिरवी. १८६७ मध्ये विस्कॉन्सिनच्या चार्ल्स नॅप याने ड्रॉवरचे सांधे यंत्राने कापण्याचे पेटंट घेतले. नॅपची गोष्ट मला विशेष गमतीची वाटते. हाताने कापलेला डव्हटेल, म्हणजे पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकविणारा सांधा, त्याच्या यंत्राला साधत नव्हता. तेव्हा त्याने सांध्याचाच आकार बदलला. अर्धगोल खोबणी व तिच्या मध्यभागी गोल खुंटी, असा एक नवाच सांधा त्याने काढला. काही दशके तो अमेरिकेत खूप चालला व नंतर लोपला. आज जुन्या कपाटाचा ड्रॉवर ओढून हा सांधा दिसला, की जाणकार मनुष्य त्या कपाटाचा काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा म्हणून सांगतो. हत्याराची सही सांध्यावर उमटते ती अशी.

मात्र येथवरची सर्व यंत्रे कारखानदाराची होती. साचा त्याच्या मालकीचा आणि माणूस यंत्रापुढे उभा. विसाव्या शतकात यंत्रच लहान होऊन कारागिराच्या हातात आले, हा या कथेतील खरा पालट होय. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत हाती धरावयाचे राउटर निघू लागले. न्यूयॉर्क राज्यातील कार्टर या साचेकाराच्या राउटरचा धंदा १९२९ साली स्टॅन्ली कंपनीने विकत घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीच्या एलू कंपनीने पाते वरून सरळ खाली लाकडात उतरविता येईल असा राउटर आणला, तेव्हा कुसवाच्या खाचा पाडणे सुलभ झाले. १९८१ साली कॅनडात सुरू झालेल्या ली कंपनीने दातांमधील अंतर हवे तसे बदलता येईल असा डव्हटेलचा साचा विक्रीस आणला. तयार साचे आपल्याकडेही मिळतात, पण त्यांच्या किमती पाहिल्या की लहान कारखानदाराचा हात आपोआप प्लायवुडच्या कपट्यांकडे वळतो. आणि ते ठीकच आहे.

आता त्या मुलाचा साचा. त्याची कृती येथे देतो, कारण ज्यांच्या घरी राउटर आहे अशा पुष्कळ कुटुंबांना ती उपयोगी पडेल. राउटरच्या तळाला, पात्याभोवती, एक धातूचे कडे बसविता येते. त्यास बाजारात गाइड बुश म्हणतात. हे कडे साच्याच्या कडेला टेकून चालते, पाते मात्र कडेपासून थोडे आत राहते. किती आत? कड्याच्या बाहेरच्या व्यासातून पात्याचा व्यास वजा करून निम्मे करावे, तितके. कडे २० मिलिमीटरचे व पाते १२ मिलिमीटरचे असेल, तर फरक आठाचा व निम्मे चार. म्हणून १२ मिलिमीटर रुंद व ६० मिलिमीटर लांब खाच हवी असेल, तर साच्यातील फट २० मिलिमीटर रुंद व ६८ मिलिमीटर लांब ठेवावी लागते.

ही फट प्लायवुडमध्ये कोरीत बसू नये. १२ मिलिमीटरच्या प्लायच्या दोन लांब पट्ट्या घ्याव्यात, त्यांच्या दरम्यान नेमक्या २० मिलिमीटर रुंदीचे दोन ठोकळे एकमेकांपासून ६८ मिलिमीटरवर चिकटवावेत, म्हणजे फट आपोआप तयार होते. कडे फटीत घालून पाहावे. ते सरकले पाहिजे, पण डुलता कामा नये. खालच्या बाजूला फटीला समांतर एक जाड पट्टी गुण्या लावून बसवावी. ही पट्टी लाकडाच्या अंगाला टेकेल व खाच कडेपासून कोठे पडावी ते ठरवील. (वडिलांच्या खतावणीचा सरकता ठोकळा तो हाच.) फटीच्या मध्याच्या खुणा साच्यावर व लाकडावर दोन्हीकडे कराव्यात आणि साचा दोन शिकंज्यांनी आवळावा. पाते एका वेळी पाच-सहा मिलिमीटरहून अधिक खोल उतरवू नये. पाते बदलण्यापूर्वी विजेचा प्लग काढावा, आणि डोळ्यांवर चष्मा व कानांवर संरक्षण असावे, हे सांगण्याचे कारण पडू नये, पण पडते. खाचेची टोके गोल येतील. ती पटाशीने चौकोनी करावीत किंवा कुसवाचे कोपरे कानशीने गोल करावेत. दोन्ही रीती चालतात. मी स्वतः कुसवाचे कोपरे गोल करतो, कारण पटाशीला धार लावण्याचा आळस.

हे वाचून ज्यांना वाटेल की साच्याने चूक होतच नाही, त्यांच्यासाठी माझी एक फजिती नोंदवितो. सागवानी ड्रॉवरच्या कोपऱ्यांवर चौकोनी दात एकमेकांत बसविण्याचा सांधा मला करावयाचा होता. त्याचा साचा अगदी साधा. राउटर टेबलाखाली उलटा बसवून पाते वर काढावयाचे आणि पात्यापासून नेमके एका दाताच्या अंतरावर एक खुंटी ठेवावयाची. पहिली खाच पाडली की ती खुंटीवर बसवून दुसरी, दुसरी बसवून तिसरी. माझी खुंटी बसली ती केसभर बाजूला, दीड दशांश मिलिमीटर म्हणा. एका दाताला ही चूक डोळ्याला दिसत नाही. पण प्रत्येक खाच आधीच्या खाचेवरून मोजली जात असल्याने चूक साठत जाते, आणि चौदाव्या दातापाशी ती दोन मिलिमीटरांवर पोचली. बाजूच्या फळ्या मी खुंटीवरून कापल्या होत्या आणि पुढची फळी उतावीळपणाने हाताने आखून करवतीने कापली होती. दोन्हींची गाठ पडेना. सागाच्या आठ फळ्या वाया गेल्या. हातची चूक एकदाच होते. साच्यातील चूक मात्र साचा प्रामाणिकपणे जितक्या वेळा वापराल, तितक्या वेळा करतो. तेव्हापासून रद्दी लाकडावर सबंध सांधा कापून, तो जुळवून पाहिल्याशिवाय चांगल्या फळीला मी हात लावीत नाही.

या फजितीतच, माझ्या मते, आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. सांधा कापताना हात निवृत्त झाला, हे खरे. परंतु केसभर चूक कोठे होईल, लाकूड पावसाळ्यात कोणत्या दिशेने फुगेल, कुसू तंतूंच्या कोणत्या बाजूने घ्यावे, हे ज्याला ठाऊक नाही त्याला साचा करता येत नाही. पोर्टस्मथचे कसबी सुतार देशोधडीला लागले याचे कारण साचा आला हे नव्हे. त्यांचे कसब ज्या पट्टीत साठविले गेले, ती पट्टी त्यांच्या मालकीची नव्हती.

आपल्या समाजापुढील प्रश्न मी यापुढे जाऊन स्पष्टच मांडतो, मग कोणास आवडो वा न आवडो. सांधा कापण्याचे ज्ञान हे आपल्या जन्माशी जोडलेले आहे, अशी समजूत आपण पिढ्यान्‌पिढ्या बाळगली. आज कोणत्याही घरचा मुलगा अथवा मुलगी राउटर घेऊन, चार कपटे चिकटवून, एका आठवड्यात चांगली खाच पाडू शकते, व पाडीत आहे. याचे मला दुःख नाही. माझ्या आजोबांना हे ज्ञान रक्तातून मिळालेले नव्हते. ते त्यांच्या वडिलांची खतावणी हाती धरून शिकले, आणि ती खतावणी त्यांच्याच जागी दुसऱ्या कोणी धरली असती तरी तिने सरळच रेघ मारली असती. दुःख याचे आहे की, आपल्याच घरांतील साचे करण्याची सवय गेली. पुष्कळ कारखान्यांत तयार मापाचे काम तयार यंत्रावर होते आणि यंत्र बिघडले की सारे हात बांधून बसतात. विद्यार्थ्यांना वह्या वाटण्याचा आपला उपक्रम उत्तम आहे. त्यासोबत सुट्टीत आठ दिवस एक कारखाना मुलांसाठी उघडा ठेवता आला, तर साचा करण्यास लागणारे प्लायवुडचे कपटे मी देईन. ते माझ्याकडे विपुल आहेत.

शेवटची एक सूचना राहिली. साचा पूर्ण झाला की त्याच्या अंगावर कड्याचा व्यास, पात्याचा व्यास आणि खाचेचे माप पेन्सिलीने नव्हे, शाईने लिहून ठेवावे. माझ्या कपाटात तीन सुरेख साचे आहेत. त्यांवर एकही आकडा नाही, आणि ते कशासाठी केले होते, हे आता मलाच आठवत नाही.